पाटकरबाई आणि तपकिरी काच

शालन गेल्यापासून जो भेटतो तो सांगतो, तिच्याबद्दल काहीतरी लिहून काढ, बरं वाटेल. मुलीनं कागद आणून दिले, पेन आणून दिलं. बसलो. तिचं नाव लिहिलं. पुढे काही येईना. जिच्याबरोबर सगळा जन्म काढला तिच्याबद्दल काय लिहायचं असतं ते मला कळत नाही. कागद तसेच पडून राहिले. मग म्हटलं पाटकरबाईंबद्दल लिहावं. शालनचं त्यांच्याशी कधी पटलं नाही. पण घरात बाहेरच्या माणसाचं नाव निघायचं ते बहुतेक त्यांचंच.

ऐंशी साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. साकीनाक्याला एका गल्लीत आमची औषधाची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन मजले आणि एक गेट. खालच्या हॉलमध्ये बायका बाटल्या भरायच्या, लेबल लावायच्या, खोक्यात घालायच्या. तिथं शालन. वर लॅबोरेटरी. तिथं मी. मी सातवी शिकलेला माणूस. काचसामान धुणं, सुकवणं आणि हातात नेऊन देणं हे माझं काम. लॅबच्या मुख्य पाटकरबाई. तयार झालेली प्रत्येक बॅच त्यांनी तपासायची आणि कागदावर सही करायची. ती सही सरकारनं मान्य केलेली होती. कंपनीत दुसऱ्या कोणाची तशी सही नव्हती. बाईंची सही नसेल तर खोकं गेटच्या बाहेर जात नव्हतं.

बाई चाळिशीच्या पुढच्या. उंच, हाडकुळ्या. लग्न केलेलं नाही. वाकोल्याला आईबरोबर राहायच्या. त्यांना हसताना मी पाहिलं नाही, आणि चिडतानाही नाही. एकच चेहरा होता, तोच सगळीकडे वापरायच्या.

त्यांचं यूव्ही मशीन वेगळ्या खोलीत होतं. एसी दोनच ठिकाणी, एक शेठच्या केबिनला आणि एक त्या मशीनला. मशीनला घाम येत नाही, आम्हाला येतो, म्हणून मशीनचा एसी काढून आमच्या ऑफिसला द्या असं एकदा अकाउंटवाल्यांनी सुचवलं होतं. एसी जागचा हलला नाही. मशीनमध्ये एक दिवा होता, त्याचा उजेड माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. औषध पाण्यात मिसळून बोटाएवढ्या चौकोनी काचेच्या भांड्यात भरायचं, त्याला सेल म्हणतात. तो उजेड सेलमधून सोडायचा. मग शेजारच्या कागदावर पेन आपोआप डोंगर काढायचं.

मी नवीन होतो तेव्हा विचारलं, "बाई, हे नक्की काय चाललंय?"

"पंगतीला बसलायत ना कधी?"

"कैक वेळा."

"मग समजा, उजेडाचे शेकडो पदार्थ वाढलेत. हे औषध त्यातला एकच पदार्थ खातं. बाकी पुढे जाऊ देतं. पलीकडे काय उरलं ते मशीन बघतं. किती कमी झालं त्यावरून पंगतीला किती जण होते ते कळतं."

"आणि खाल्लं त्याचं पुढे काय होतं?"

"बरेचसे खाऊन स्वस्थ बसतात. काहींना बाधतं. ते मोडतात."

मला सगळं समजलं. त्यानंतर मी कधी काही विचारलं नाही. समजलेलं बिघडायला नको.

त्या सेलच्या दोन बाजू आरपार असतात आणि दोन खरखरीत. धरायचं ते खरखरीत बाजूनं. आरपार बाजूला बोट लागलं तर बोटाचा तेलकटपणाच उजेड खातो आणि मशीन त्यालाच औषध समजतं. बाईंच्या हाताला ही सवय इतकी लागली होती की सगळंच त्या तसं धरायच्या. चहाचा ग्लास दोन बोटांनी दोन कडांना. फोटो तसाच. सत्यनारायणाच्या प्रसादाची वाटी तशीच. पॅकिंगमधली एक बाई बाळंतपणानंतर पोर दाखवायला घेऊन आली. बाईंनी पोर घेतलं ते दोन्ही कुशींना तळवे लावून, समोर ताठ धरून, आणि खिडकीकडे तोंड करून बघितलं. पोर गप्प झालं. आईनं घाईघाईनं परत घेतलं.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्लँक. औषध बघण्याच्या आधी नुसतं पाणी बघायचं. दोन्ही सेलमध्ये तेच पाणी भरायचं आणि पेन सरळ रेघ मारतंय का ते पाहायचं. रेघ सरळ नसेल तर पुढचं सगळं खोटं. "आधी ब्लँक," असं बाई दिवसातून कितीदा म्हणायच्या. कॅन्टीनची डाळ खराब लागते म्हणून कामगार ओरडायला लागले. बाईंना कोणीतरी सहज सांगितलं. म्हणाल्या, "त्या हंड्यातलं नुसतं पाणी पिऊन बघितलंत का?" बघितलं. पाण्यालाच गंज होता. हंडा बदलला. डाळ तरीही खराबच लागायची, पण आता ती डाळीमुळे.

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर दळवीसाहेब. त्यांनी घाटकोपर स्टेशनबाहेर फूटपाथवर काळा गॉगल घेतला आणि लॅबमध्ये दाखवायला आले. "झकास आहे ना? फॉरेनचा आहे."

"द्या इकडे," बाई म्हणाल्या. गॉगल कडेनं धरला, एक काच काढली आणि सरळ मशीनमध्ये उभी केली. पेननं रेघ काढली. बाईंनी ती बघितली.

"साहेब, डोळ्याला दिसणारा उजेड हा अडवतो. न दिसणारा सगळा आत सोडतो. अंधार वाटतो म्हणून तुमची बुबुळं मोठी होणार आणि जास्त आत घेणार. त्यापेक्षा उघड्या डोळ्यांनी हिंडा."

"अहो, पण दिसतो कसा ते सांगा ना."

"काळा दिसतो."

काच पुन्हा नीट बसली नाही. दळवीसाहेब तेव्हापासून लॅबमध्ये गॉगल घालून आले नाहीत. राग मात्र घेऊन यायचे.

आता मुख्य गोष्ट.

लहान मुलांचे ताकदीचे थेंब आम्ही करायचो. व्हिटॅमिनचे, लालसर गुलाबी रंगाचे. त्या औषधाला उजेड बाधतो, म्हणून तपकिरी बाटली. भरलेल्या बाटल्यांच्या क्रेटवर काळं कापड टाकायचं आणि हॉलमध्ये दिवे मंद ठेवायचे, असा नियम. प्रत्येक बॅचमधल्या काही बाटल्या पुढे तपासायला बाजूला ठेवायच्या असतात, तर एका बॅचच्या अशा बाटल्या बाईंनी पुन्हा तपासल्या. ब्लँक ठीक. औषध कमी. नुसतं कमी नाही, डोंगराचं टोक बाजूला सरकलेलं, म्हणजे औषध मोडलेलं. बाटलीतलं औषध डोळ्याला मात्र होतं तसंच गुलाबी.

दळवीसाहेब आले. "काय झालं असेल?"

"उजेड लागलाय," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. पण दळवीसाहेब तेवढं घेऊन खाली उतरले. खाली शालन आणि आणखी तिघी खिडकीजवळ बसलेल्या. क्रेटवरचं कापड काढून ठेवलेलं. का, तर मंद दिव्यात लेबल वाकडं लागतं आणि वाकडं लागलं की ओरडतात हेच दळवीसाहेब. त्याच दिवशी चौघींना घरी बसवलं. औषधाची नासाडी केली म्हणून चौकशी होणार, आणि चौकशी झाली की कायमचं घरी बसायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमचं घर दोघांच्या कामावर चालायचं. बाकीच्या तिघींतल्या एकीचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता.

शालन मला म्हणाली, "तुमच्या त्या बाईचा पत्ता द्या."

"कशाला?"

"आरती करायला. द्या म्हणते ना."

रविवारी आम्ही वाकोल्याला गेलो. चौघी पुढे, मी मागे. दार बाईंच्या आईनं उघडलं. म्हातारीला ऐकू कमी यायचं. नटून आलेल्या चार बायका आणि मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक पुरुष बघून तिला वाटलं, मुलीसाठी स्थळ घेऊन आले. ती इतकी खूश झाली की आम्हाला बोलूच देईना. पाट काय मांडले, पोहे काय टाकले. शालन भांडायच्या तयारीनं आली होती, तिच्या हातात पोह्यांची बशी आली.

"मुलगा काय करतो?" म्हातारीनं मला विचारलं.

"आई, हे लॅबमधले आहेत," बाई आतून येत म्हणाल्या.

"लॅबमध्ये का? चांगलं आहे."

शालननं बशी खाली ठेवली. "बाई, तुम्ही आमच्यावर काय लिहून दिलंत?"

"तुमच्यावर काही लिहिलेलं नाही. औषध कमी आहे असं लिहिलंय."

"आणि तोंडानं?"

"तोंडानं म्हटलं, उजेड लागलाय."

"मग झालं तर! तो दळव्या धावत खाली आला ना. हो, काढलं आम्ही कापड. खोटं नाही बोलणार. पण ह्या कंपनीत आल्यापासून मी त्याच खिडकीत बसते. रोज काढते. इतकी वर्षं मेलं नाही ते औषध आत्ताच बरं मेलं?"

बाकीच्या तिघी एकदम बोलायला लागल्या. बाईंनी हात वर केला.

"पुन्हा सांगा."

"काय पुन्हा? बहिऱ्या आहात काय तुम्ही पण?"

"रोज काढायचात? आधीपासून?"

"रोज!"

बाईंनी हात खाली घेतला. मग म्हणाल्या, "पोहे खा. मला विचार करायचाय." आणि आत निघून गेल्या. आम्ही पोहे खाल्ले. दुसरं काय करणार? निघताना म्हातारीनं चौघींना हळदीकुंकू लावलं आणि मला हळूच म्हणाली, "पत्रिका पाठवा."

सोमवारी बाईंनी मला स्टोअरमधून जुन्या बाटल्या शोधून आणायला सांगितलं. जुन्या म्हणजे आधीच्या कारखान्याच्या. अलीकडे बाटल्या दुसरीकडून यायच्या, शेठच्या मेहुण्याकडून. दोन्ही तपकिरी. बाजूला बाजू लावून ठेवल्या तरी मला फरक कळेना. बाईंनी एकाच भांड्यातलं औषध दोन्हींत भरलं आणि मला शालनच्या खिडकीत नेऊन ठेवायला लावलं. काही दिवसांनी तपासलं. जुन्या बाटलीतलं ठणठणीत. नव्या बाटलीतलं कमी, आणि टोक सरकलेलं.

मग बाईंनी नवी बाटली फडक्यात गुंडाळली आणि हातोडीनं फोडली. एक तुकडा निवडला, घासला, धुतला, कडेनं धरून मशीनमध्ये उभा केला. मग जुन्या बाटलीचा तुकडा. दोन रेघा आल्या. एक जमिनीला चिकटलेली. एक वर चढलेली. चढलेली नव्याची. म्हणजे त्या काचेतून नको तो उजेड आत जात होता. खिडकीत तर जायचाच, पण औषधाच्या दुकानात मांडून ठेवली तरीही जाणार होता.

बाई स्टुलावर बसल्या. "दळवींचा गॉगल तपासला मी," त्या म्हणाल्या. "बाटली नाही तपासली. तपकिरी दिसली, घेतली." मी काचा गोळा केल्या.

शेठच्या केबिनमध्ये त्यांनी मला तुकडे घेऊन बरोबर नेलं, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलंय.

शेठनं तुकडा ट्यूबलाइटकडे धरला. "बाई, हे तर तपकिरीच आहे."

"तुमच्या डोळ्याला."

"मग दुसऱ्या कोणाच्या डोळ्याला बघायचं?" शेठ हसला. माणूस वाईट नव्हता, घरजावयासारखा मेहुण्याला मात्र भ्यायचा. "हे बघा. तुम्हाला त्या बायकांचं वाईट वाटतं ना? मला पण वाटतं. उद्यापासून चौघी कामावर. चौकशी रद्द. फक्त बाटलीचा विषय इथंच सोडायचा."

"भरून ठेवलेल्या बाटल्या?"

"जातील ना."

"कुठे?"

"बाई, औषध जातं कुठे? दुकानात."

"मग मला जमणार नाही."

"बायका घरी बसतील."

"त्यांना घरी तुम्ही बसवलंय. मी नाही."

हे मी घरी येऊन सांगितलं. शालन भाकरी थापत होती. हात थांबला.

"म्हणजे तो घेत होता आम्हाला? आणि ती नको म्हणाली?"

"बाटल्यांना नको म्हणाली."

"एकच झालं!"

दुसऱ्या दिवशी शालन गेटवर जाऊन उभी राहिली. बाई आल्या तशी आडवी आली. गेटवरचा वॉचमन बिडी विझवून बघायला लागला.

"काय हो बाई, काचेच्या तुकड्यापायी चार घरं बुडवलीत? तुमचं काय जातंय? एकट्या जिवाला पगार चालू आहे. तुम्हाला पोर आहे का एक तरी?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मग कशाला एवढा कैवार?"

"तुम्हाला आहे ना."

बाई आत गेल्या. शालन घरी आली. आमची धाकटी तेव्हा लहान, तिला तेच थेंब चालू होते, कामगारांना कंपनीतूनच मिळायचे. शालननं फळीवरची बाटली काढली आणि दिव्यासमोर धरली. ह्या बाजूनं बघितली, त्या बाजूनं बघितली. "तपकिरीच तर दिसतेय," म्हणाली. परत फळीवर ठेवली. पण त्या दिवशी पोरीला थेंब दिले नाहीत, आणि पुढेही नाही.

इकडे वर बाईंनी नवीनच चालू केलं. सकाळी यायच्या. दिवा तापू द्यायच्या. दोन्ही सेल पाण्यानं भरायच्या. ब्लँक घ्यायच्या. रेघ सरळ यायची. मग मशीन बंद करून हात जोडून बसायच्या. थेंबच नाही, कुठलंच औषध बघायच्या नाहीत.

दळवीसाहेब आले. "काय चाललंय?"

"ब्लँक घेतला. ठीक आहे."

"पुढे?"

"पुढे औषध आहे. ते माझ्याच्यानं होणार नाही. बाटल्यांचा भरवसा राहिलेला नाही."

"अहो, मग गोळ्या तरी बघा! गोळ्यांना कुठे बाटली आहे?"

"मनच लागत नाही."

हेही त्या त्याच एका चेहऱ्यानं बोलल्या. दळवीसाहेब तसेच खाली उतरले. रोज तेच. रोज सरळ रेघ, खाली तारीख आणि 'ब्लँक ठीक' असं सुबक अक्षरात. सहीला माणूस दुसरा नाही. खोकी हॉलमध्ये साठली, मग जिन्यात साठली. शेठ पोट आत घेऊन जिना चढायला लागला. बाजारातून फोन यायचे, माल कुठे आहे. शेठ वर येऊन ओरडला, खाली जाऊन ओरडला, एकदा तर रडवेला झाला. बाई उठून उभ्या राहायच्या, ऐकून घ्यायच्या, परत बसायच्या.

ह्यात शालनच्या बाजूनं एक झालं. बाकीच्या तिघी गेटवर बाईंना शिव्या घालायला जाऊ म्हणाल्या तेव्हा ही म्हणाली, "तुम्ही जा. मला कपडे धुवायचेत." शालन भांडणाला नाही म्हणाली, असं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं.

शेवटी शेठनं मेहुण्याला बोलावलं. केबिनचं दार लावून दोघं गुजरातीत खूप भांडले. नव्या बाटल्या टेंपोत भरून परत गेल्या. भरलेलं औषध गटारात ओतलं. नाल्याचं पाणी दोन दिवस गुलाबी होतं आणि वस्तीतली पोरं त्यात कागदाच्या होड्या सोडत होती. चौघींना परत कामावर घेतलं. दळवीसाहेबांनी खिडकीजवळ चांगला दिवा लावून दिला, पिवळ्या काचेचा. तो बाईंनी आधी मशीनमध्ये बघितला.

शालननं बाईंचे आभार मानले नाहीत. बाईंनीही कधी वळून विचारलं नाही. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक डावीकडून जायची, एक उजवीकडून.

शेठ मात्र विसरला नव्हता. वर्षभरात त्यानं एक नवा माणूस आणला, त्याच्या सहीला सरकारची मान्यता मिळवली. बाईंना काढलं नाही. त्यांचं टेबल यूव्हीच्या खोलीतून उचलून स्टोअरच्या कोपऱ्यात ठेवलं. बाईंनी टेबलाकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि राजीनामा दिला. नोकरी बघून ठेवली होती का, ते मला माहीत नाही. विचारायचं धाडस नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी बाई खाली आल्या. एवढ्या वर्षांत त्या पॅकिंगच्या हॉलमध्ये पहिल्यांदाच आल्या असतील. मी त्यांची पिशवी घेऊन मागे. त्या दारातच उभ्या राहिल्या, आत यावं की नाही असं.

शालननं स्टूल पुढे सरकवलं. "बसा. कशाला हात लावू नका."

"नाही लावत."

शालननं आपल्या थर्मासमधला चहा ओतून दिला. बाईंनी ग्लास कडेनं धरला.

"बाई, एक विचारू? ते सगळं आमच्यासाठी केलं होतंत?"

"नाही. बाटल्यांसाठी."

"ठाऊक आहे मला. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

"राग आला?"

"छे हो. आमच्यासाठी केलं असतंत तर पहिल्याच दिवशी शेठला हो म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. मग ते मेलेलं पाणी पोरांसाठी आमच्याच हातांनी भरून दिलं असतं आम्ही."

बाईंनी चहा संपवला. "साखर फार आहे," म्हणाल्या.

"मी अशीच पिते."

"हं." बाई उठल्या. माझ्याकडून पिशवी घेतली. सगळ्यांना मिळून एक नमस्कार केला आणि गेल्या.

मी वर आलो. धुवायचं सामान पडलं होतं. खिडकीतून रस्ता दिसायचा. टळटळीत ऊन. बाई रस्ता ओलांडून बसस्टॉपवर गेल्या, पदर डोक्यावर घेतला, आणि पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवून उभ्या राहिल्या. मग खाली बघतो तर हॉलच्या दारात शालन. सुपरवायझर आतून ओरडत होता. ती हलली नाही.

दोघींपैकी कोणी हात हलवला नाही. बस आली, गेली. स्टॉप रिकामा झाला. शालन दारात उभी होती, उन्हात, डोळ्यांवर हात धरून.